तळाला लागलेलं माप

बसा.

पाटावर, चटईवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जिथे जमेल तिथे. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल.

हात मांडीवर मोकळे सोडा. हातांना काम आहे, पण ते थोड्या वेळानं.

एक श्वास आत येऊ द्या. जाईल तेव्हा जाऊ द्या.

आता समोर एक डबा ठेवा. मनातच ठेवा.

स्टीलचा, उभट, घट्ट झाकणाचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तारीख कोरलेली आहे. कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेला हा डबा. त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवा. हळू. आकडे पुसट झालेत, पण बोटाला अजून कळतात.

हा तांदळाचा डबा.

झाकण उघडा. आधी हवेचा लहानसा आवाज होतो, मग वास येतो. कोरडा, किंचित गोड. मावळातला इंद्रायणी आहे. शिजायच्या आधीसुद्धा या तांदळाला वास असतो.

आत एक माप आहे. पितळेचं, जुनं. चिपटं.

किलो येऊन साठेक वर्षं झाली, तरी या घरात भाताचे तांदूळ चिपट्यानंच मोजतात. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायली आता फक्त बोलण्यात उरली. चिपटं मात्र रोज हातात येतं.

ते हातात घ्या. गार आहे. काठाशी थोडं चेपलेलं आहे.

आता ते डब्यात घाला, आणि ऐका.

डबा भरलेला असतो तेव्हा माप आत जाताना नुसती सळसळ होते. डबा अर्ध्यावर आला की माप कडेला घासतं. आणि एक दिवस ते तळाला लागतं.

खर्र.

धातूवर धातू.

आज आपल्याला हाच आवाज ऐकायचा आहे. त्यातून काही काढायचं नाही. तो ऐकत थोडं बसायचं आहे, इतकंच.

पुन्हा एकदा. माप आत.

खर्र.

थांबा.

*

एप्रिल २०२०. टाळेबंदी. पुणे, शुक्रवार पेठ. संध्याकाळचे साडेसात.

खिडकी उघडी आहे. उघडीच राहू द्या.

बाहेर काय ऐकू येतं?

आधी वाटतं, काहीच नाही. मंडईच्या इतक्या जवळ राहणाऱ्या कानांना या शांततेची सवय नाही. ती दगडी, आठ कोनांची इमारत १८८६ पासून उभी आहे, आणि पहाटेपासून तिच्याभोवती आवाज असतो. जुड्यांवर पाणी मारल्याचा, हातगाड्यांचा, भाव सांगणाऱ्या बायकांचा. या दिवसांत तिथले गाळे बंद आहेत. गुलटेकडीचा भाजीबाजारही बंद झाला आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू उभे करून पत्रे ठोकले आहेत.

पत्र्यापलीकडे लक्ष्मी रस्ता आहे. तोही गप्प आहे.

ऐकत राहा. उन्हाळ्यात मुठेचं पाणी ओसरलं की तळचे दगड वर दिसू लागतात. तसे आता लहान आवाज वर येतात.

पंख्याची कुरकुर.

कुणाच्या तरी नळाखाली बादली भरते आहे. भरत आली की तिचा सूर चढतो.

वळचणीला कबुतर.

आणि मग कुकरची शिट्टी.

समोरच्या वाड्यातली. एक. जरा वेळानं दोन. तीन. तीन शिट्ट्यांनंतर गॅस बारीक होतो, म्हणजे डाळ असणार. वरच्या मजल्यावरचा कुकर जुना आहे, तो शिट्टी देण्याआधी बराच वेळ फुसफुसतो. शेजारच्यांची शिट्टी तोकडी, घाईची.

इतकी वर्षं एका चौकात राहून कुणाचा कुकर कसा वाजतो हे मला ठाऊक नव्हतं. आता डोळे मिटूनही सांगता येतं.

डोळे मिटा. मोजा.

समोरचा. वरचा. शेजारचा.

तळमजल्यावरच्या खोलीतून शिट्टी येत नाही.

हे नुसतं लक्षात राहू द्या. आपण त्या खोलीकडे परत येऊ.

*

आता उठू या. फक्त मनानं. आजच्या सकाळकडे जाऊ या.

खुंटीवरची कापडी पिशवी घ्या. तोंडाला रुमाल बांधा. कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे आईनं यादी लिहिली आहे, ती खिशात ठेवा.

जिना उतरा. लाकडी जिना आहे, पायरी पायरीला बोलतो.

वाण्याच्या दुकानासमोर रस्त्यावर चुन्याची वर्तुळं काढली आहेत. एका वर्तुळात पाऊल ठेवा. मग दुसरं.

उभे राहा.

डांबर तापलं आहे. चपलेच्या तळातून ऊब वर येते. रुमालाच्या आत स्वतःचाच श्वास ओठांना लागतो, दमट आणि गरम. एरवी त्याची जाणीवही नसते. आता तो इतका जवळ आहे.

पुढच्या वर्तुळात एक बाई आहेत. त्यांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ. दोन वर्तुळांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहा. तिथे ऊन आहे, एक वाळलेलं पान आहे, आणि कुणीच नाही. या पेठेत रांगेतला माणूस पुढच्याच्या पाठीला लागून उभा असतो. आज सगळे त्या मोकळ्या जागेला जपताहेत.

दुकानातून वास येतो. हिंग, गूळ, गोणपाट, कपड्यांचा साबण. तो वास आत घ्या. रुमालातूनही येतो.

आपली पाळी.

यादी काउंटरवर. वाणी पेन घेऊन एकेका ओळीवर थांबतो.

"रवा नाही."

"साबुदाणा उद्या बघू."

"तूरडाळ एक किलो. जास्त नाही देत कुणालाच."

"तेलाची पिशवी एक."

"मीठ आलं नाहीये."

एकेक "नाही" येतो तसा येऊ द्या. आणि अंगात बघा, तो कुठे उतरतो. पोटात? गळ्यापाशी? बोटं पिशवीचा बंद आवळतात का?

आवळत असतील तर आवळू द्या. फक्त बघा.

मला इथे एका रात्रीची आठवण होते. २४ मार्च, मंगळवार. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभराची टाळेबंदी जाहीर केली आणि साडेआठला याच दुकानासमोर माणसांचा लोंढा आला. त्यात मीही होते. तेव्हा वर्तुळं नव्हती. कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत. मला साखर हवी होती एक किलो. माझ्या हातानं पाच किलो उचलली.

तो हात मला अजून दिसतो.

त्याला रागवायचं नाही. तो घाबरलेला हात आहे. त्याच्या पंजात एक जोर आहे, जो माझ्या ओळखीचा नाही. पाच किलोंची पिशवी छातीशी धरून मी गर्दीतून बाहेर आले आणि मागे वळून पाहिलं नाही. माझ्या मागे कोण उभं होतं, त्यांना साखर मिळाली का, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. गुढीला गाठी बांधली. साखरेची माळ, पांढरी, उन्हात चमकणारी. कडुलिंबाचा पाला वाटला, गूळ-जिरं घालून गोळी केली. जिभेवर आधी कडू आलं. मी तो कडूपणा लगेच गिळला नाही.

तुम्हीही तो क्षणभर जिभेवर ठेवा.

*

रांगा आणखीही आहेत. त्यांच्याकडे नुसती नजर जाऊ द्या.

रेशनच्या दुकानासमोरची रांग. या महिन्यापासून कार्डावर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळायचे आहेत. वर्तुळात माणसाऐवजी पिशवी ठेवलेली, पिशवीवर दगड. माणूस सावलीला.

शिवभोजन केंद्रापुढची रांग. दहा रुपयांची थाळी आता पाच रुपयांना आहे. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण, भाताची मूद.

मूद डोळ्यांपुढे आणा. वाटीत दाबून उलटी केलेली. वाफ निघते आहे. तिच्यासमोर एक माणूस आहे, आणि तो अजून खायला लागलेला नाही. आधी वाफ चेहऱ्यावर घेतो आहे.

त्याच्याबरोबर एक श्वास घ्या.

*

परत स्वयंपाकघरात.

आई डब्यापाशी उभी आहे. माप तिच्या हातात आहे. तिनंही तो आवाज ऐकला आहे.

खर्र.

तिच्या चेहऱ्याकडे पाहा. मला वाटलं होतं, तिथे काळजी दिसेल. पण आई कुठेतरी दूर गेली आहे. ती कुठे गेली आहे हे तिनं मला बऱ्याच वर्षांपूर्वी सांगितलं आहे, म्हणून तुम्हाला तिथे नेता येतं.

पुरंदरच्या डोंगराळ भागातलं एक गाव. १९७२. पाऊस आलेला नाही. आई नऊ वर्षांची आहे.

तिथे स्टीलचा डबा नाही. कणगी आहे. बांबूच्या कांबट्यांची विणलेली, शेणानं सारवलेली, माणसापेक्षा उंच. वर्षाचं धान्य तिच्यात राहतं. कणगी रिकामी होताना आवाज करत नाही. एक दिवस वरून हात घालून काही लागत नाही, एवढंच.

मग घरातलं लहान मूल आत उतरवतात. हातात केरसुणी देतात. तळाशी, कडेच्या फटींत जे दाणे राहिले असतील ते झाडून गोळा करायला.

आईला तिच्या आजीनं दोन्ही दंडांना धरून आत सोडलं.

आता तुम्हीही उतरा.

पाय आधी अंधारात लोंबकळतात. मग तळ लागतो. तो मऊ आहे, भुशाचा. वास येतो शेणाचा, जुन्या ज्वारीचा, कोरड्या मातीचा. नाकात धूळ जाते. हात लांब केले की दोन्हीकडे गोल भिंत लागते, खरखरीत, थोडी उबदार.

वर पाहा. एक गोल. त्यात घराचं आढं, कौलाच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप आणि आजीचं वाकून बघणारं तोंड.

इथे बसा.

घाई नाही. वर कुणी हाक मारत नाही.

केरसुणी फिरते. सर्र. सर्र. फटीतून एक दाणा निघतो. बोटाच्या चिमटीत धरा. ज्वारीचा दाणा, गोल, एका टोकाशी काळा ठिपका. नखाएवढाही नाही. ओंजळीत टाका.

आणखी एक.

आई सांगते, तिला आत भीती वाटली नव्हती. उलट तिथे गार होतं, आणि वरच्या घरात मोठी माणसं जे हलक्या आवाजात बोलत होती ते आत ऐकू येत नव्हतं. तिनं दाणे मोजले. पुढे आकडा विसरली. ओंजळ भरली नव्हती, एवढं आठवतं.

आजी वरून म्हणाली, "आण वर. आहे ते आण."

त्यानंतर रेशनवरची मिलो आली. अमेरिकेतून जहाजानं आलेली तांबडी ज्वारी. पिठाला विरी नसायची, भाकरी थापताना कडेनं तुटायची. थोरली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची, ती पदराला बांधून घरी यायची. पदराची ती गाठ कोण सोडणार यावरून मुलांत भांडण व्हायचं. आईनं ती गोष्ट सांगताना नेहमी बोटांनी हवेतच गाठ सोडून दाखवली आहे.

पण आत्ता, या मापाच्या आवाजानं, ती सुकडीकडे गेलेली नाही. ती कणगीच्या तळाशी आहे.

तिला तिथे थोडं बसू द्या. आपणही बसू.

श्वास आत. तळाचा गारवा.

श्वास बाहेर.

*

आई आता बोलते.

"तांदूळ वाढले गं," ती म्हणते.

माझ्या लहानपणी मी यावर डब्यात वाकून बघायचे. वाढले कुठे? इथे तर तळ दिसतोय.

तांदूळ संपले असं आमच्याकडे म्हणत नाहीत. मीठ संपलं म्हणत नाहीत. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. "संपलं" हा शब्द उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, म्हणून बायकांनी त्याच्या जागी हा दुसरा शब्द ठेवला. कधी ठेवला कोण जाणे. आईला तिच्या आजीकडून मिळाला.

तो शब्द तोंडात घ्या. मोठ्यानं नको. ओठांतल्या ओठांत.

वाढ.

जीभ वर जाऊन टाळूला लागते आणि सुटते. सुटताना थोडी हवा बाहेर पडते. पुन्हा म्हणा.

वाढ.

मूल वाढतं. दारातला वेल वाढतो. तांदूळ वाढले, म्हणजे आता नाहीत. वरणात तांब्याभर पाणी घालून आई ते वाढवते, घरात माणसं जास्त आणि डाळ कमी असली की. आणि पानं मांडली की कुणीतरी विचारतं, वाढू का?

एकच शब्द. नाहीसं होणं, मोठं होणं, पानात पडणं, सगळं त्याच्यात.

यातला कुठला अर्थ खरा, ते ठरवू नका. शब्द जवळ राहू द्या. मापासारखा. हातात धरून.

वाढ.

थांबा.

*

आई माप पुन्हा आत घालते.

खर्र.

एक चिपटं. दुसरं चिपटं भरत नाही, काठाच्या खाली राहतं. ती डबा तिरका करते, वर धरते, बुडावर तळव्यानं दोनदा थापटते. चार-सहा दाणे घसरत येतात. तेही घेते.

मग ती थांबते. खिडकीकडे कान देते.

समोरचा कुकर. वरचा. शेजारचा.

तळमजल्यावर काही नाही.

त्या खोलीत तीन मुलं राहतात. कॉट बेसिसवर. पेठांमधून अशी कितीतरी मुलं आहेत, लातूरची, नांदेडची, बुलढाण्याची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती, ती पुढे ढकलली. बरीच मुलं मार्चमध्येच गावी गेली. ही तीन राहिली. त्यांची मेस बंद आहे. खोलीत गॅस नाही, पाणी गरम करायची एक विजेची किटली आहे. ती वाजत नाही.

म्हणून तिकडून शिट्टी येत नाही.

आई वरच्या फळीवर ठेवलेली पिशवी काढते. रेशनच्या तांदळाची. जाडा तांदूळ, एरवी इडलीसाठी ठेवलेला. ती त्यात हात घालते.

या हाताकडे नीट पाहा. आता आपण त्याच्यापाशी राहणार आहोत.

बोटं थोडी वाकडी झालेली. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग. हात पिशवीत जातो, मिटतो, वर येतो. मूठ. पातेल्यात उघडते. तांदूळ पडतात.

पुन्हा जातो. मूठ.

पुन्हा.

इथे ती माप वापरत नाही.

तुमच्या हाताची मूठ करा. फार आवळू नका. दाणे मावतील एवढी. तिच्या आतला पोकळ भाग जाणवू द्या. आता हळू उघडा.

पुन्हा मूठ.

पुन्हा उघडा.

मला चोवीस मार्चचा माझा हात आठवतो. तोही आत्ता इथेच आहे, माझ्या मांडीवर. मी त्यालाही मिटू देते, उघडू देते.

*

तांदूळ धुतले जातात. पहिलं पाणी दुधासारखं. ते फेकत नाहीत, तुळशीला जातं. दुसरं पाणी जरा निवळ.

वरण एका शेगडीवर. दुसरीवर सांडगे. भाजी आलेली नाही, म्हणून मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले सांडगे बाहेर आले आहेत. आई ते तेलावर परतते. टकटक आवाज येतो, मग खमंग वास. त्या वासात मागच्या वर्षीचं ऊन आहे. नाकानं ते शोधा. डाळीचं वाटण, मिरची, हिंग, आणि अगदी मागे, गच्चीवरची तापलेली फरशी.

गेल्या आठवड्यात गल्लीत टेम्पो आला होता तेव्हा दोडकी मिळाली होती. दोडकी खाल्ली. त्यांच्या शिरा ठेवल्या होत्या. त्यांची चटणी आहे, तीळ घालून. शिळ्या पोळ्या कुस्करून फोडणीला टाकल्या आहेत.

कुकर ठेवला.

आता थांबायचं.

आत पाणी तापतं. तळाला दाणे हलू लागतात. दिसत नाही, पण ऐकू येतं, बारीक गुरगुर. शिट्टी हलते. थरथरते.

तिची वाट पाहताना श्वास धरून ठेवू नका. येऊ द्या, जाऊ द्या.

एक.

चौकात आमच्या घरची ही आजची पहिली शिट्टी. समोरच्यांनी ती ऐकली असेल. त्यांना कळलं असेल, यांच्याकडेही शिजतंय.

दोन.

तीन.

*

पानं घेतली.

स्टीलची ताटं. त्यांच्या कडांवर बारीक पोचे आहेत. २२ मार्चच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता अख्ख्या शहरानं ताटं वाजवली, तेव्हा आम्हीही गॅलरीत उभ्या राहून हीच वाजवली होती. पळीनं. पोचे त्याचे.

पोच्यावर बोट ठेवा.

वाढताना आधी मीठ. पानाच्या वरच्या बाजूला, मधोमध. मग लिंबाची फोड, डावीकडे चटणी. उजवीकडे भाजी. मग भात.

मिठाच्या सटात आई चमचा घालते. तिथेही तळ लागतो. मातीचा सट आहे, आवाज जाडसर. दोन पानांपुरतं कणभर मीठ निघतं.

ती काही म्हणत नाही. मी मनात म्हणते, वाढलं.

पण आधी खालच्या मुलांचा डबा भरायचा आहे.

तीन खणांचा. एकात भात दाबून, एकात वरण, एकात सांडग्यांची भाजी आणि कडेला फोडणीची पोळी. झाकणं लागतात, कडी बसते. डबा गरम आहे. फडक्यात धरा. उचलून पाहा. ओझं हातातून खांद्यापर्यंत येतं.

गॅलरीत या.

अंधार पडला आहे. कठड्याला दोरी बांधलेली आहे, टोकाला पिशवी. वाड्यातल्या दोऱ्या दूधवाल्यासाठी, पेपरवाल्यासाठी असतात. या महिन्यात त्या सगळ्यासाठीच आहेत.

डबा पिशवीत ठेवा. दोरी सोडा.

एकदम नको. हातावर हात. दोरी तळव्यातून सरकते, काथ्या टोचतो. खाली ओझं किंचित झुलतं. भिंतीला लागू नये म्हणून ते दूर धरावं लागतं. लक्ष सगळं दोरीत आहे. दुसरीकडे जायला त्याला जागाच नाही.

हात. मग दुसरा हात.

हात. मग दुसरा हात.

ओझं टेकतं. दोरी सैल पडते.

"घ्या रे, वाढलंय," आई वरून म्हणते. हळूच. चौक इतका शांत आहे की मोठ्यानं बोलावंच लागत नाही.

खाली दार करकरतं. पिशवी हलते. कुणीतरी "काकू" एवढंच म्हणतं.

*

आपण आत येतो. जेवतो.

पहिला घास. भात, वरण, वर लिंबू. तोंडात घ्या आणि लगेच गिळू नका. वरण पातळ आहे. पाण्याची चव आहे, डाळीची आहे, हिंगाची आहे. एकेकीला वेळ द्या.

मीठ थोडं कमी आहे. तो कमीपणाही चवीचाच भाग आहे. तिथे जीभ थांबते, शोधते.

दुसरा घास.

आई समोर बसली आहे. बोलत नाही. खिडकीतून समोरच्या वाड्यातलं ताट-वाटी ऐकू येतं. वरचं ऐकू येतं. आणि आता खालूनही, अगदी पुसट, स्टीलवर चमचा.

तो ऐका.

कितीही वेळ ऐका.

*

रात्रीचे साडेनऊ.

दोरीला हिसका बसतो. एकदा. मग हलकेच दुसऱ्यांदा.

गॅलरीत या. दोरी धरा. वर ओढा.

हात. मग दुसरा हात.

ओझं कमी आहे. हाताला लगेच कळतं. डबा घासलेला असणार, थोडं पाणी अजून कडेला लागलेलं. पिशवी कठड्याशी येते. डबा बाहेर काढा. गार आहे. ओला आहे.

आत घेऊन चला. ओट्यापाशी, तांदळाच्या डब्याशेजारी.

चालताना आत काहीतरी हलतं. रिकामा डबा कुणाला परत द्यायचा नसतो, हे त्या मुलांनाही कुणीतरी कधी सांगितलं असेल.

आई बघते आहे. तिलाही ऐकू आलं आहे.

झाकण अजून उघडू नका.

डबा कानाशी धरा. जरासा हलवा.

ऐका.